एमेटचा लाल डबा

वेंडल स्ट्रोम हा आमच्या गावातला सगळ्यात भित्रा माणूस. हे मी कुचेष्टेनं सांगत नाही, तो स्वतःच सांगायचा. उभ्या हयातीत त्यानं शाळेची पिवळी बस चालवली आणि एकदाही कुठे घासू दिली नाही. लोक म्हणायचे, काय हात आहे! वेंडल म्हणायचा, "हात कसला, भीती आहे ती." बर्फाचं नुसतं चिन्ह दिसलं की याचा पाय ब्रेकवर जायचा. लग्नही भीतीपायीच राहिलं. डोरीनला विचारू विचारू म्हणेपर्यंत ती दुसऱ्याची झाली, आणि पुढे तिची पोरं यानंच रोज शाळेत नेऊन सोडली. असो.

अशा माणसानं लांबच लांब आगगाड्या चालवायचा नाद का लावून घ्यावा, हे देवालाच ठाऊक. तुम्ही म्हणाल, खेळण्यातलीच तर गाडी, तिची भीती कसली? मग एकदा आमच्या अग्निशमन दलाच्या तळघरात येऊन बघा. प्लॅस्टरचे डोंगर, लाकडी पूल, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा भलामोठा रूळमार्ग. मधोमध, जिथे रूळ रुळांना आडवे छेदतात, तो चौक. कुठल्याही कडेवरून वाकलात तरी हात पोचत नाही. खाली सिमेंटची फरशी. एखादा डबा वरून पडला तर झाडूनच गोळा करावा लागतो, आणि ज्याचा असतो त्याचे त्यात हिवाळेच्या हिवाळे गेलेले असतात.

दर ऑक्टोबरात एका रविवारी आमच्या क्लबचे सगळे सभासद आपापले डबे आणून एकच गाडी जोडतात. त्या वर्षी जो गेला असेल, त्यानं बनवलेला गार्डाचा डबा सर्वांत शेवटी. अख्खी एक फेरी, आणि मग तो डबा कायमचा घरी. गाडी सुटली की कुणी हात लावायचा नाही. लावला तर फेरी बाद, आणि मेलेल्या माणसाची फेरी दुसऱ्यांदा काढत नाहीत.

यंदाचा डबा होता एमेट कोलारिकचा. वेंडल पुढचं इंजिन चालवायचा आणि एमेट मागचं, गार्डाच्या डब्याच्या लगेच पुढे लावलेलं, ढकलायचं. अशी त्यांची जोडी, तरणेपणापासून. नाकात ऑक्सिजनची नळी घालून एमेटनं शेवटच्या महिन्यांत हा लाल डबा लाकडातून कोरला. खिडक्यांना पडदे लावले, तेसुद्धा बायकोच्या जुन्या एप्रनच्या चिंधीचे. ती बायको, आर्लीन, रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या जागी मागचं इंजिन चालवायला येणार होती.

वेंडल आठवडाभर नीट जेवला नाही. त्यात आमचा अध्यक्ष रुडी. नदीपलीकडच्या क्लबनं म्हणे आपल्यापेक्षा लांब गाडी काढली, मग याचं नाक कापलं गेलं. कपाटं उघडून त्यानं दिसेल तो डबा जोडायला लावला.

"रुडी, गाडी आठच्या एका वेटोळ्यात मावली पाहिजे रे," वेंडल काकुळतीला आला. "इंजिन फिरून चौकात येईल तेव्हा शेपूट अजून चौकातच असलं तर? आपलंच इंजिन आपल्याच गाडीत घुसेल."

"मग मोज की! तुला कुणी अडवलंय?"

वेंडलनं मोजलं. यार्डात गाडी उभी होती, तिला दोरी लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेटोळ्यापेक्षा दोन हात कमी भरली. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

आता ऐका, भित्यापाठी ब्रह्मराक्षस कसा लागतो ते. यार्डात डबे ढकलत ढकलत नेऊन लावतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटून उभे असतात. इंजिन ओढायला लागलं की दोन डबे जोडणाऱ्या प्रत्येक आकड्यातला झोल, म्हणजे सैलपणा, निघतो. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. पण डबे शेकड्यांनी असले की त्याच दाण्यांचे हात होतात. क्लबात नव्यानं येणाऱ्याला हे वेंडलच शिकवायचा! पण त्या दिवशी त्याला वळणाची भीती, पुलाची भीती, एमेटच्या डब्याची भीती. इतक्या भीत्यांच्या गर्दीत ही एक राहून गेली.

रविवारी दुपारी आर्लीन आली. अंगात चर्चला जायचा कोट, हातात खिमा-राजम्याच्या चिलीचं पातेलं.

"वेंडल, मेल्या, तोंड बघ तुझं! मयत माझ्या घरात झालं की तुझ्या?"

"आर्लीन, हे फिरवायचं बटण. अगदी हळू हं. मी सांगेन तसं."

"मला नको शिकवूस. तुमच्या या गाड्या बघण्यातच माझा संसार गेलाय."

गाडी सुटली. डबे एकेक करून टक् टक् ताणले जाऊ लागले. तो आवाज वेंडलनं ऐकला, आणि तेवढ्यात त्याला कळलं. झोल धरायचाच राहिला होता. पण तोवर गाडी पुलावर चढली होती. मागे घ्यावी तर एवढी लांब गाडी वळणावर चिरडून आडवी होणार. तो नुसता कडेकडेनं इंजिनाबरोबर चालत राहिला, चालवत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते, आणि याला प्रत्येक टाळीबरोबर घाम फुटत होता.

वेटोळं संपत आलं. इंजिन चौकापाशी आलं, आणि समोर आडवं मागचं इंजिन चाललेलं. त्याच्यामागे लाल डबा, चौकाच्या ऐन मधोमध यायच्या बेतात. इंजिन आणखी वीतभर पुढे गेलं असतं तर सरळ एप्रनच्या पडद्यांत घुसलं असतं.

वेंडलनं गाडी थांबवली.

लाल डबा चौकातच अडकला.

"काय झालं?" रुडीनं विचारलं.

"मी चुकलो. झोल धरला नाही मी. आर्लीन, थांबव! थांबव गं!"

आर्लीन थांबली नाही. ओठ घट्ट मिटून तिनं बटण आणखी फिरवलं. मागचं इंजिन ढकलू लागलं. डबे डब्यांवर दाबत गेले. शेपटाकडून पुलाकडे, पुलावरून वळणाकडे, खडखड खडखड.

"अगं, पुलावर उलटतील सगळे! सोड ते!" वेंडल ओरडला.

पुलावरचा एक कोळशाचा डबा उचलला गेला, क्षणभर कडेवर डुलला आणि खाली फरशीवर फुटला. तो रुडीचाच होता. रुडीच्या तोंडून शिवी निघाली, पण तो जागचा हलला नाही. आर्लीननं मानसुद्धा वळवली नाही. सगळ्या गाडीचा झोल आत दाबला जात होता, आणि तितकं शेपूट पुढे सरकत होतं. लाल डबा एक चाक सरकला, मग दुसरं. चौक मोकळा झाला, जेमतेम बोटभर.

"आता जा," आर्लीन म्हणाली. "जा ना, माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

वेंडल गेला. इंजिन लाल डब्याच्या मागून चौक ओलांडून गेलं. पुलावर जिथला डबा पडला होता तिथलं अंतर मागच्या इंजिनानं दाबून भरलं आणि दोन्ही अर्ध्या गाड्या पुन्हा जोडल्या गेल्या. फेरी पुरी झाली. लोकांनी डोक्यावरच्या टोप्या उडवल्या. वेंडल मात्र तिथेच स्टुलावर मटकन बसला.

"तू थांबली का नाहीस?" त्यानं विचारलं.

आर्लीननं बटण शून्यावर आणलं. "डॉक्टरांनी हात टेकल्यावर एमेटनं मला स्वयंपाकघराच्या टेबलावर रूळ मांडून शिकवलंय हे. म्हणाला, चौक आला की वेंडल घाबरतो. दर वर्षी घाबरतो आणि हात आखडता घेतो. त्यानं हात आखडला की तू आखडायचा नाहीस, ढकलायचं. मी आजवर तेच करत आलोय, म्हणाला. त्याला कधी कळू दिलं नाही."

वेंडलचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"इतकी वर्षं मला वाटत होतं गं," तो शेवटी म्हणाला, "की गाडी मी ओढतोय."

"ठाऊक आहे," आर्लीन म्हणाली.

तिनं लाल डबा उचलला, गळ्यातल्या मफलरमध्ये अलगद गुंडाळला आणि कोटाची बटणं लावली. लेकीकडे ॲरिझोनाला कायमची चालली होती ती. घराबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी लागली होती.

"मग आता मागून कोण ढकलणार गं?" वेंडलनं विचारलं.

आर्लीननं त्याच्या गालाला हात लावला, पातेलं उद्या आणून दे म्हणाली, आणि डबा छातीशी धरून जिना चढून गेली.