होडीत न घ्यायचं नाव

बातमी छापली की ती पेपरची. जे छापत नाहीत, ते माझ्याकडे साचत जातं. आखाती देशातल्या फुजैरा बंदराच्या बातम्या मी इतकी वर्षं करतोय, पण तिथल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी कधीच छापून आल्या नाहीत. त्यातल्या बहुतेक कॅलमच्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरचा हा म्हातारा कॅप्टन दर शुक्रवारी बंदराजवळच्या कॅफेटेरियात कडक चहा प्यायला यायचा. सोबतीला मी आणि रत्नागिरीकडचे इस्माईलभाई, टगबोटीचे कॅप्टन.

*

कॅलमची मातृभाषा गेलिक. त्याच्या गावच्या किनाऱ्यावर खडकाखडकाला त्या भाषेत नाव आणि प्रत्येक नावामागे एक कथा.

'पोर्त ना बाउन्त्रिख', म्हणजे विधवेचं बंदर. एक बाई नवऱ्याच्या होडीला वाट दिसावी म्हणून रोज तिथे जाळ करायची. त्या जाळामुळे कितीतरी परकी गलबतं वाचली.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"बंदराचं नाव काय सांगितलं मी?" कॅलम म्हणाला.

*

'स्गेर नान रोन', सीलांचा खडक. सील म्हणजे समुद्रात बुडालेली माणसं, अशी तिकडे समजूत. कॅलमची आई खडकापाशी जाऊन त्यांना गावच्या बातम्या सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं.

"आता कोण सांगतं?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"गावात कोणी उरलंय कुठे? शेवटचं घर आमचंच. त्याला कुलूप." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "सीलांना वाटत असेल, सगळे मजेत आहेत!"

*

मी भारावून या नावांवर लेख लिहिला. संपादक म्हणाला, "हबीबी, तिकडचे खडक इथे कोण वाचणार? खलास!" आणि त्या पानावर माझ्या लेखाऐवजी एका नव्या टॉवरचं नाव कसं सुचलं, यावर लांबलचक मजकूर! बिल्डरची जाहिरात होती ना! मी भडकलो.

इस्माईलभाई माझी समजूत घालायला लागले. "साहेब, आमच्या गावात राबियाचा धोंडा होता. वाहून चाललेल्या पोरासाठी तिने तिथून उडी घेतली. दोघंही गेली. आता तिथे रिसॉर्टवाल्यांची पाटी आहे, सनसेट पॉइंट. लोक सेल्फी काढतात."

माझी समजूत काही पटली नाही!

*

कॅलमची मुलगी फियोना डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीत राहते. बापाने नावं काढली की ती म्हणायची, "डॅड, तिथे आता कोणी राहतसुद्धा नाही!"

"मग मी गेल्यावर ही नावं कोणाच्या तोंडी राहणार?" कॅलमने एकदा आम्हालाच विचारलं.

"माझ्या," इस्माईलभाई म्हणाले. "यल्ला, चला, दक्षिणेकडून सुरू करा."

कोकणात होडीचा प्रमुख, तांडेल, नव्या माणसाकडून किनाऱ्याच्या खुणा ओळीने पाठ करून घेतो, तशीच त्यांनी ती नावं पाठ केली. शेवटचं होतं 'बोघा रुआ', पाण्याखालचा तांबडा खडक.

"हे होडीत बोलायचं नाही," कॅलमने बजावलं. "माझा भाऊ त्याच्यावर आपटून गेला. पाण्यावर असताना आम्ही नुसतं बोट दाखवतो. पाय जमिनीला लागले की मगच नाव घ्यायचं."

*

यंदा कॅलमला स्ट्रोक आला. इंग्रजी पार पुसली गेली, उरली फक्त गेलिक. तुम्ही कुठे आहात, असं डॉक्टर विचारत राहिले. तो भलतंच काहीतरी बोलायचा.

"अंकल, माझाच बाप," फियोना रडत इस्माईलभाईंना म्हणाली, "आणि मला एक शब्द कळत नाही!"

इस्माईलभाईंनी खुर्ची ओढली, कॅलमचा हात हातात घेतला आणि दक्षिणेकडून नावं म्हणायला सुरुवात केली. कॅलमचे ओठ हलायला लागले. विधवेचं बंदर आलं तेव्हा फियोनाही पुटपुटत होती. तिच्या लहानपणी गाडीत कॅलम म्हणायचा ती ओळ हीच.

सीलांचा खडक मागे पडला. आता शेवटचं. इस्माईलभाईंनी खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं.

कॅलमने त्या बोटाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "बोघा रुआ."

इस्माईलभाईंनी त्याचा हात हळूच फियोनाच्या हातात दिला.

"बेटी," ते म्हणाले, "कॅप्टन किनाऱ्यावर उतरले."