लुटुपुटूच्या घरातली शेगडी

ओडवारमामा 'हो' म्हणतो तो श्वास आत ओढून. 'ह्हो!' नवख्याला वाटतं, याला चटका बसला. नॉर्वेतल्या आमच्या ओस्टरडालेनच्या दरीत बरेच जण असंच म्हणतात, पण मामाचा 'ह्हो' थेट पोटापर्यंत जातो. मला तो हुबेहूब जमतो. जेवताना काढला की आई काटा उगारते.

मामा हीट पंप दुरुस्त करतो. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून नळ्यांतल्या पाण्यानं घर तापवणारी ती पेटी जरा वेगळी घरघरली, की हा गाडीतूनच सांगतो, "पंख्यावर बर्फ धरलाय."

या हिवाळ्यात त्याला निराळंच काम मिळालं. दरीत एकेकट्या राहणाऱ्या चाळीस म्हाताऱ्यांच्या पंपांवर लांबून नजर ठेवणारी प्रणाली बसणार होती. पंप मेला की तिनं मामाच्या फोनवर ओरडायचं. ती खरंच ओरडते का, हे तपासून शुक्रवारी सही करायची मामानं. उणे पंचवीसात ती गप्प राहिली तर कुणीतरी गारठणार, आणि सही मामाची.

पण तपासायला म्हणून कुणाचा खरा पंप बंद पाडायचा? मामानं जुन्या लॅपटॉपवर सिम्युलेटर उभा केला. लुटुपुटूचं घर! पंपाची वीज, पाण्याचं तापमान, खोलीची ऊब, सगळे आकडे ते खऱ्यासारखे पाठवायचं. पलीकडे घरच नाही, याचा प्रणालीला पत्ता नव्हता. मामानं तिथला पंप मारला. खोली सोळा अंशांवर उतरली आणि फोन कोकलला.

"झालं की हो!" ट्रोन्हेमहून सोल्फ्रिद फोनवर म्हणाली. प्रणाली तिनंच लिहिलेली. बाई प्रत्येक वाक्य गाण्यासारखं वर नेऊन सोडते. "करा सही!"

त्या बुधवारी आम्ही एम्ब्रेटकाकांकडे कॉफीला गेलो. काका त्या चाळिसांतलेच, एकोणऐंशी वर्षांचे, जन्मभर जंगलात लाकूड तोडलेलं. स्वयंपाकघरात इतकं उकडत होतं की मामानं स्वेटर काढला. मग कान टवकारले.

"काका, पंप वाजत नाही?"

"तो? शनिवारीच मेला."

"आणि मला फोन नाही केलात?"

"शेगडी आहे ना. लाकडं काय शोभेला फोडली? तुला कामं असतात, एवढ्यासाठी कशाला त्रास?"

मामानं पंप दुरुस्त केला. मग गाडीत बसला, पण किल्लीच फिरवेना. "आपल्या लुटुपुटूच्या घरात शेगडीच नाही," तो म्हणाला.

घरी येताच त्यानं सिम्युलेटरमध्ये एक म्हातारा घातला. गारवा जाणवला की ओंडके टाकणारा, फोन न करणारा. पंप पुन्हा मारला. खोली बावीस. प्रणालीवर हिरवी खूण, ती गुरुवारी दुपारपर्यंत हिरवीच!

"पण असं करतं कोण?" सोल्फ्रिदनं विचारलं.

"चाळीसच्या चाळीस. आणि लाकडं आणताना एखाद्याचा बर्फावर पाय घसरला, की शेगडीही विझणार. तेव्हा कुठे ओरडेल तुझी प्रणाली."

सोल्फ्रिदचं वाक्य पहिल्यांदाच खाली राहिलं. "म्हणजे... खोली कितीही गरम असो. पाणी गार होतंय आणि पंप वीज खात नाही, की लगेच ओरडायचं."

"ह्हो."

शुक्रवारी लुटुपुटूचा पंप परत मेला. लुटुपुटूची शेगडी धडधडत होती, तरी सहाव्या मिनिटाला फोन कोकलला. मामानं सही केली आणि प्रणालीचं पहिलं खोकं घेऊन एम्ब्रेटकाकांकडे गेला.

"हे मला प्रश्न विचारणार का?" काकांनी लांबूनच विचारलं.

"नाही. पंप बिघडला तर परस्पर मला सांगणार."

"म्हणजे मला फोन करायला नको?"

"नको."

"मग बसव." काकांनी खोक्याकडे जरा वेळ पाहिलं. "पण त्याला बजावून ठेव, रविवारी दुपारी नको. तू जेवत असतोस."