भुजंगरावाच्या चार कड्या

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की कुंभकोणम गावातलं पहिलं, एकमेव आणि कोणीही न मागितलेलं स्मृतियंत्र गेल्या महिन्यापासून बंद आहे. ते बनवणारा भुजंगराव, माझा बालमित्र आणि कॉलेजातला पदार्थविज्ञानाचा मास्तर, फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसला तो उठलाच नाही... बातमी आली तेव्हा मी स्वामीमलैच्या बसमध्ये चढत होतो. पाय खाली घेतला, आणि आता कुठे जायचं तेच सुचेना.

मुंबईत कुठेतरी गणितं करणारं अवाढव्य यंत्र बांधत होते. तिथल्या एका स्नेह्याने त्याला चुंबकाच्या मसाल्याच्या चार काळ्या कड्या पाठवल्या. भुजंगरावाने त्यांवर तार गुंडाळून त्या पाटावर बसवल्या, प्रत्येकीला एक बटण आणि सगळ्यांत मिळून एक काट्याचं मीटर लावलं. कडी एका दिशेने चुंबकित केली की 'हो', उलट केली की 'नाही'. आणि वीज गेली तरी ती विसरायची नाही. आमच्या गावात वीज रुसक्या जावयासारखी येते-जाते, त्यामुळे याचं त्याला कोण कौतुक! उपयोग काय, असं मी विचारलं, तर बायकोला निरोप ठेवायला, म्हणाला. आणि खरंच रोज निघताना तो कड्यांत निरोप भरून जायचा. दुपारी गौरीवैनी एकेक बटण दाबायच्या, कोणत्या कडीला काटा उडतो, म्हणजे 'हो' आहे, ते बघायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यावरून अर्थ लावायच्या. रसम कालचंच बरं होतं. येताना मोगरा आणतो. तुझ्या भावाला आज जेवायला थांबवू नकोस. काटा एकदाही हलला नाही, तर निरोप नाही. खोड एकच होती, वाचला की निरोप पुसला जायचा, सगळ्या कड्या 'नाही'वर यायच्या. मी चिडवायचो, तुझ्या यंत्रापेक्षा आमची अत्ते, वडिलांची बहीण, बरी, दहादा विचारलं तर दहा उत्तरं देते. तो डोळ्यांत पाणी येईतो हसायचा.

तो गेला त्या दिवशी दुपार होण्याआधीच त्याला घरी आणलं. निरोप वाचायचा राहिला. पुढे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. वैनी त्या पाटाकडे फिरकल्या नाहीत. वाचला की संपला, एवढंच म्हणायच्या. गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं. एकटीला व्हायचं नाही, समोर बसा, म्हणाल्या. पदराने धूळ पुसली आणि पहिलं बटण दाबलं. काटा हलला नाही. दुसरं. तिसरं... चौथ्यावर त्यांनी बोट तसंच दाबून धरलं, नख पांढरं पडेपर्यंत. मला वाटलं सांगावं, एवढी माणसं येऊन गेली, कोणी सहज बटणं दाबली असतील आणि निरोप पुसला गेला असेल. पण तशी खात्री मला तरी कुठे होती? मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात काट्यावरची नजर न काढता त्या बोलून गेल्या,

"भावजी, ह्यांना त्या दिवशी मला सांगायचं काहीच नव्हतं काय?"