भिंत घालायला गेलो आणि माणूस नेमून आलो

रजा मंजूर झाल्याचा मेल आला आणि मी हिंजवडीच्या कँटीनमध्ये एकटीच ओरडले. तीन दिवस कोकण! तेही यंदा पाहुणी म्हणून नाही, मालकीण म्हणून! गेल्या दिवाळीत मी आणि बाबांनी मिळून समुद्राकाठच्या एका गावात छोटं कौलारू घर घेतलंय. पुढे रस्ता, मागे नारळ-सुपारीची लांबलचक वाडी आणि वाडी संपते तिथे थेट समुद्र. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी अर्धं कोथरूड तिथे हजर.

बाबांनी सदाशिव पेठेत बत्तीस वर्षं भूमितीचे क्लास घेतले, दोन खोल्यांत, खिडकीतून शेजारच्या पार्किंगचा पत्रा बघत. आता समुद्राच्या आवाजात झोपायचं, एवढंच त्यांचं मागणं. पण घर घेतल्यावर कळलं की या पट्ट्यात समुद्र दर पावसाळ्यात किनारा थोडाथोडा खातोय. त्यावर उपायही त्यांनीच काढला: वाडीच्या टोकाला दगडी भिंत. आलेखाच्या कागदावर, प्रमाणात आखलेली. गवंडी ठरला. सोमवारी दगडाचा पहिला ट्रक येणार होता.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. पेट्रोल पिरंगुटलाच भरून घ्या, घाटात काही मिळत नाही. घाट उतरल्यावर रस्ता असा की मागच्या सीटवरचं कलिंगड दोनदा खाली आलं. "खड्डे मात्र मन लावून केलेत," बाबा म्हणाले. माणगावला दोघांचे चहा-पोहे साठ रुपयांत. गरम होते, बाकी विचारू नका. शेवटच्या वळणानंतर समुद्र दिसला आणि मी उगाचच हॉर्न वाजवला. बाबांनी काच पूर्ण खाली केली, म्हणजे तेही खूश होते.

घराची किल्ली शेजारच्या वाडीतल्या सुमनकाकूंकडे असते. आधी फोन केला तर त्या जेवणही करतात. मला सुरमई, बाबांना फणसाची भाजी, दोघांना तांदळाची भाकरी आणि वाट्यांवर वाट्या सोलकढी. मी तर जेवताना बोलायचंच विसरले. हात धुतल्यावर बाबांनी कौतुकाने कागद उलगडला.

काकूंनी तो नीट पाहिला. "परवानगी काढलीत, मास्तर?"

"आमच्याच जागेत आम्ही परवानगी काढायची?"

"भरतीरेषेपासून दोनशे मीटर सरकारी नियम लागतो हो. नारळ लावा, केवडा लावा. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा विचारून करायची. नवं बांधकाम तर असं मनाला येईल तसं नाहीच. आणि सरकारचं राहू द्या. चला, दाखवते."

तीन वाड्या पलीकडे शहरातल्या कुणा मालकाने बिनपरवाना घातलेली भिंत होती. काळा दगड, सरळसोट. तिच्या आत लॉन आणि खुर्च्या. भिंत संपते तिथे शेजाऱ्याची वाडी मात्र अर्धगोल कापलेली. पाच-सहा नारळ आडवे पडलेले, मुळं हवेत. "पाणी अडत नाही हो, वळतं," काकू म्हणाल्या. "भिंतीला आपटलं आणि यांच्याकडे घुसलं. यांची विहीर खारट झाली."

भरती चढत होती. प्रत्येक लाट भिंतीला आपटून तिरकी त्या वाडीत शिरताना दिसत होती. आमच्या भिंतीच्या शेवटी कुणाची वाडी येते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काकूंची. त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

"जन्मभर कोन शिकवले," बाबा म्हणाले, "आणि हा एक काढायचा राहिला." कागदाची घडी खिशात गेली.

"मग तुम्ही करता तरी काय?" मी काकूंना विचारलं.

टोकाला केवडा आणि सुरूची झाडं राखायची. वाळूवर पसरणारी मर्यादवेल उपटायची नाही, ती वाळू धरून ठेवते. आणि मोठ्या उधाणाला प्रत्येक वाडीचा एक माणूस आपापल्या टोकाला, पाण्याला आडव्या टाकायच्या झावळ्या घेऊन उभा. पाणी कुणाकडेही घुसलं की सगळे तिकडे धावतात. आम्ही घ्यायच्या आधी इतकी वर्षं हे घर बंद होतं, म्हणून आमच्या टोकालाही काकूच उभ्या राहायच्या. "ज्याची वाडी, त्याचा माणूस," त्या म्हणाल्या. "तुमचा कोण?"

मी लगेच ऑफिसातला उपाय सुचवला. "पगारी माणूस ठेवू."

"पगारी माणूस उधाणाला स्वतःच्या घरी असतो, बाय."

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचे गुडघे!"

"उभंच राहायचंय. फळ्यासमोर वेगळं काय करत होतो?"

शनिवारी ट्रक रद्द केला. सुट्टी असूनही ग्रामसेवक भेटले आणि घराच्या दुरुस्तीसाठी कुठे, कोणता अर्ज द्यायचा ते त्यांनी समजावलं. दुपारभर केवड्याची रोपं लावली. हात ओरबाडले, पाठ धरली, पण मी इतकी आनंदात होते की संध्याकाळी चिखलाच्या कपड्यांनिशी सरळ समुद्रात! कोकणात जागा बघणाऱ्यांना माझं सांगणं: ओहोटीला जागा पाहून भुलू नका. मोठ्या भरतीला जाऊन बघा, आणि शेजाऱ्यांना आधी भेटा.

रविवारी परतलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा दोन बॅगा घेऊन तिकडे गेले. इथल्या दोन खोल्या आता फारच शांत आहेत. फळ्यावर त्यांनी पुसायला विसरलेला एक त्रिकोण आहे, मीही पुसत नाही. आपण त्यांना एकटं पाठवलं, ही टोचणी आहेच.

काल मीटिंग चालू असताना त्यांचा फोन आला. मी बाहेर पळाले. पलीकडे नुसता समुद्र गरजत होता.

"केवड्यापर्यंत आलं आणि मागे फिरलं!" बाबा ओरडत होते. इतक्या आनंदात त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काकूंची वाडीही कोरडी आहे!"

"बाबा, आता घरात जा ना. भिजाल."

"फोन ठेव. पलीकडे एक बंद वाडी आहे, पूर्वी आपली होती तशी, तिच्या टोकाला कुणी नाहीये, मी तिकडे निघालोय."