वानखेड्यांचे चार कॅमेरे

वानखेडे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला चोर व्हायला सांगितलं. बिबवेवाडीतल्या आमच्या रो-हाउसच्या गल्लीत मी नुकताच राहायला आलो होतो. भाजी घेऊन परतत असताना शेजारच्या फाटकातून एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले आणि नमस्कार करून म्हणाले, "सर, पाच मिनिटं चोर व्हा बरं. त्या कुंपणावरून आत या. पिशवी इथं ठेवा, मी आहे ना."

माझी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झालेली. कुंपणं ओलांडण्याचा सराव नव्हता. तरी ओलांडलं. वानखेडे भिंतीला लावलेल्या शिडीवर चढून माझ्याकडे बघत होते. "खाली पाहून चाला. एवढ्या रुबाबात कोणता चोर येते, बाप्पा?" चोराचं तोंड कुठून नीट दिसतं ते पाहायला दिवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत त्यांनी मला तीनदा चोर केलं. तिसऱ्या चोरीनंतर त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, चोराला चहा दिला.

एका कारखान्याच्या विद्युत विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती. मूळचे अमरावतीकडचे. पुण्याने त्यांचं बाकी सगळं बदललं, 'का'च्या जागी येणारं 'काहून' मात्र पुण्याला बदलता आलं नाही. मूलबाळ नव्हतं. सुमनताई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घरात खडूंचे डबे उरले होते. वानखेडे त्या खडूंनी पार्किंगच्या फरशीवर घराचा नकाशा काढत. कॅमेऱ्याला त्रिकोण, दिव्याला गोल, आणि प्रत्येक त्रिकोणातून फाकत गेलेल्या दोन रेघा. त्या दोन रेघांमध्ये जे येईल ते दिसणार. सुमनताई वरून पाहून म्हणत, "रेघ सरळ नाही आली. पुन्हा काढा." आणि ते पुसून पुन्हा काढत.

गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या होत्या, म्हणून सोसायटीने कॅमेरे बसवायचं ठरवलं. अध्यक्षांच्या मते सुरक्षेचा आरंभ गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कमानीपासून व्हायला हवा होता. म्हणजे कॅमेरा कमानीच्या माथ्यावर, त्यांच्या नावाच्या पाटीशेजारी, आणि उद्घाटनाला नगरसेवक. वानखेडे शांतपणे म्हणाले, "साहेब, तेवढ्या उंचीवरून नुसतं टक्कल दिसते. टक्कल पाहून पोलीस कोणाला पकडतील?" अध्यक्षांचा हात नकळत डोक्याकडे गेला. कॅमेरा पाटीशेजारीच बसला. नारळ फुटला. वानखेड्यांनी पेढा खाल्ला आणि घरी येऊन स्वतःचे चार कॅमेरे स्वतःच्या हिशेबाने लावले.

त्यांचे नियम पक्के होते. कॅमेरा माणसाच्या डोक्याच्या थोडाच वर. दिवा येणाऱ्याच्या पाठीमागे नको, नाहीतर तोंड काळं येतं. फांदी मध्ये नको. आणि शेजाऱ्याची खिडकी तर मुळीच नको. माझ्या स्वयंपाकघराचा एक कोपरा चित्रात येतो म्हणून त्यांनी एक कॅमेरा काढून पुन्हा बसवला. मी म्हटलं, "राहू द्या हो, तिथं कोळ्याच्या जाळ्याशिवाय काही नाही." ते म्हणाले, "जाळं तुमचं आहे ना? मग मी काहून पाहू?"

एकदा वानखेड्यांकडे, आणि तेही पुण्यात, दहा मिनिटांत दोनदा चहा मिळाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सुमनताईंनी कप विसळून ठेवला आणि पुन्हा आधण ठेवलं. मी दुसराही प्यायलो. वानखेडे माझ्याकडे बघत होते. मी रिकामा कप खाली ठेवला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पुढच्या काही महिन्यांत सुमनताई शब्द विसरू लागल्या, मग दिवस, मग शाळा सुटून बारा वर्षं झाली आहेत हे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि यापुढे हे वाढतच जाईल असं सांगितलं.

एका दुपारी चारच्या सुमारास वानखेडे धावत माझ्याकडे आले. "सर, सुमन घरात नाही." आम्ही दोघे त्यांच्या संगणकासमोर बसलो. त्या दिवशी आलेला प्रत्येक माणूस तिथे स्वच्छ दिसत होता. दूधवाला, कुरिअरवाला, मीटर बघणारा. कुरिअरवाल्याच्या गालावरचा तीळसुद्धा. सुमनताई मात्र तीन सेकंदच दिसल्या. हिरवी साडी, हातात कापडी पिशवी, पाठमोऱ्या. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि चित्र संपलं. डावीकडे गेल्या की उजवीकडे, ते एकाही कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. अध्यक्षांच्या कमानीवरच्या कॅमेऱ्यात डोकी होती, त्यातलं कुठलं त्यांचं ते कळेना.

वानखेड्यांनी ते तीन सेकंद पुन्हा लावले. पुन्हा लावले. "सगळे येणाऱ्यावर रोखले, सर," ते म्हणाले. "घरातून कोणी जाईन असं मनातच नाही आलं." तीन तासांनी त्या बसथांब्यावर सापडल्या. शाळेची बस अजून कशी आली नाही, अशी थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईकडे तक्रार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी फरशीवर नवा नकाशा निघाला. या वेळी सगळ्या रेघा आतून बाहेर. कॅमेरे फिरले, फाटकाला आतून कडी आली, आणि घराभोवती हालचाल झाली की आपोआप पेटणारे सहा दिवे लागले. सुमनताई दाराबाहेर पडल्या की दिवा पेटणार, वानखेड्यांना कळणार. नकाशात चूक नव्हती. पण संध्याकाळी एखादं मांजर गेलं तरी दिवा पेटे, आणि सुमनताई उठत. "अहो, कोणीतरी आलंय." पाण्याचा पेला घेऊन त्या बाहेर निघत. पाहुणा दिसत नाही म्हणून फाटकापर्यंत जात. ज्या दिव्यांनी त्यांना अडवायचं, तेच त्यांना बोलावून राहिले आहेत, हे वानखेड्यांना आठवड्याने उमगलं. त्यांनी एकेक बल्ब काढायला सुरुवात केली. मी खालून शिडी धरत होतो. गल्लीतलं सर्वांत उजळ घर चार दिवसांत सर्वांत अंधारं झालं.

मग फाटकाला कुलूप आलं. वानखेडे येऊन 'बस थोडी' म्हणेपर्यंत सुमनताई तिथे उभ्याच राहत. मी बाहेरून येताना दिसलो की सुमनताई कडी हलवत. "भाऊ, एवढं उघडता का? मुलं खोळंबलीत." मी म्हणायचो, "किल्ली आणतो हं." आणि घरात जाऊन बसायचो. आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली, पण त्या फाटकापाशी म्हणायला दुसरं वाक्य मला सुचलं नाही.

एकदा गॅसवाला सिलिंडर आत नेत असताना कुलूप काढलेलं राहिलं, तेवढ्यात त्या निघाल्या आणि कोपऱ्यावर स्कूटरने त्यांना पाडलं. मनगट मोडलं. त्यांना सावरताना वानखेड्यांच्या कमरेत जी उसण भरली ती गेलीच नाही. वानखेड्यांना पटकन उठता येईना तेव्हा डॉक्टरांनी अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या वाघोलीच्या एका संस्थेचं नाव सुचवलं. मी त्यांच्याबरोबर गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी आम्हाला सगळ्यात आधी कॅमेऱ्यांच्या पडद्यांची भिंत दाखवली. "एकही कोपरा सुटत नाही. आणि घरबसल्या मोबाइलवर तुम्हाला मॅडम दिसतील." वानखेडे एरवी उंची, कोन, दिवा यांबद्दल चार प्रश्न तरी विचारले असते. त्यांनी एकच विचारला. "त्यांना कोणी बसा म्हणते का?"

"म्हणजे?"

"काही नाही," वानखेडे म्हणाले आणि सही केली.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेलो. कमरेला पट्टा बांधून ते पलंगावर टेकून बसले होते, मोबाइल उशीला टेकवून समोर ठेवलेला. चित्र फार स्वच्छ होतं. लांब व्हरांडा, भिंतीला ओळीने खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं. सुमनताई एकट्याच दारापाशी उभ्या होत्या. "जेवणानंतर उठली," वानखेडे म्हणाले. "दीड तास झाला. फोन केला मी. पाहतो म्हणाले."

मी डबा ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसलो. पडद्यावर एक बाई ट्रे घेऊन गेली. सुमनताई बाजूला सरकल्या, तिला वाट दिली आणि पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या. वानखेडे पुढे वाकले. त्या फोनमधून इकडचा आवाज तिकडे जात नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

"सुमन," ते म्हणाले, "बस ना थोडी. पाय दुखतीन."