पारनेर ते नगर, शकूताईच्या चष्म्यासाठी

पारनेरहून नगरला जायची स्वप्नं कुणी बघत नाही. वाटेत धबधबा नाही, फोटो काढावा असंही फारसं काही नाही. तरी ब्लॉग सुरू केल्यापासून हा एक प्रवास लिहायचा राहूनच गेला होता. बहात्तरच्या दुष्काळातला. आमचे वडील अण्णा, माझी थोरली बहीण शकूताई आणि मी.

शकूताई नववीत होती, तिला मास्तरीण व्हायचं होतं. पण पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. सरांनी अण्णांना बोलावून सांगितलं, पोरीला नगरला नेऊन डोळे दाखवा, नाहीतर शाळा हातची जाईल. मी पाचवीतली, हट्ट करून बरोबर गेले.

एसटी सुप्यावरून जायची. आता तासाभरात पोचाल. तेव्हा गाडी थांबत थांबत जायची आणि खिडकी लावली तरी धूळ आत यायचीच. आमच्याजवळ भाकरी-चटणी होती, तुम्ही सुप्याला उतरून चहा घ्या. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत बसल्या होत्या. शकूताईला ती झुडपं वाटली. मी खूप हसले, तीही हसली.

नगरला डॉक्टरांनी तिच्या नाकावर जड चौकट ठेवून एकेक भिंग बदलून पाहिलं. एका भिंगाला ती खिडकीकडे वळली. मग खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी तिनं खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचली. अण्णांनी लगेच फ्रेम पसंत केली. चष्मा दुसऱ्या दिवशी मिळणार होता, म्हणून आत्याकडे मुक्काम केला.

चष्मा म्हटल्यावर आत्यानं कपाळाला हात लावला. आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिला सुईत दोरा ओवायला लावत. नजर पारखायची ती रीत. आत्यानं डब्यातली सगळ्यांत बारीक सुई काढली. शकूताईनं ती डोळ्यांजवळ धरली आणि पहिल्याच झटक्यात ओवली. तिला जवळचं चांगलं दिसायचं, अडचण लांबचीच होती, हे तिथं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"बघ दादा," आत्या म्हणाली, "पोरीची नजर लई चांगली हाय. कशाला तिला चष्मेवाली करतो?"

अण्णांना इतका आनंद झाला, की त्यांनी आम्हाला पेढे घेतले. तो आनंद खरा होता, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं. चष्मा दुकानातच राहिला. स्टँडवर शकूताईनं हळूच विचारलं, "सुमे, आपली गाडी कंची गं?"

त्या वर्षी ती नापास झाली आणि शाळा सुटली. चष्मा मिळाला तो पार चाळिशीत, स्वतःच्या लेकीचे डोळे तपासायला गेली तेव्हा.

परवा आम्ही दोघी त्याच रस्त्यानं नगरला जाऊन आलो. शकूताई येता-जाता दिसेल ती पाटी वाचत होती. घरी आल्यावर चष्मा पदराला पुसत म्हणाली, "त्या दिशी सुई हुकायला पायजे हुती गं. पन समदी बघत हुती, अन् मला ववता येत हुतं."