खिशातले दोन फ्यूज

तुमच्या सदरातले अनुभव मी चहाबरोबर मिटक्या मारत वाचतो आणि बायकोला म्हणतो, "या लोकांना रात्रीचं हलकं जेवायला सांगा." भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. धंदाच तसला — जुन्नरात माझं रेडिओ आणि वायरिंगच्या कामाचं दुकान आहे. वायर जोडली तर दिवा लागतो, तोडली तर विझतो. यापलीकडे मला कुठलं शास्त्र येत नाही. (बायको म्हणते हेही नीट येत नाही, कारण आमच्या घरची बेल दोन वर्षं मुकी आहे.)

तर तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ओतूरला, गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर आहे. अक्का तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात फार भाजली होती. जगली, पण पाठ, पोट, दंड — सगळी कातडी अशी झाली की तिला घामच येत नाही. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर निघायला वाटच नाही! दुपारी अंग तव्यासारखं तापायचं. डॉक्टरांनी दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, स्पष्ट सांगून ठेवलेलं, "ताप डोक्यात गेला तर माझ्याकडे आणून उपयोग नाही."

पूर्वी ती चैत्र-वैशाख तळेघरला नणंदेकडे, डोंगरावर काढायची. पण तिथलं चालणं पुढं तिला होईना. दाजींच्या दोन लॉऱ्या होत्या. मुंबईत कुठल्याशा साहेबाचं ऑफिस मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी तिथलं एअरकंडिशनर उचललं आणि लॉरीत घालून ओतूरला आणलं. गोदरेजी कपाटाएवढं धूड! ते मागच्या पडवीत बसवलं, भिंतीतून लाकडी बोगदा काढून गार हवा अक्काच्या खोलीत सोडली. वीज शेडमधल्या ऑइल इंजिनवरच्या डायनामोची. खोलीतल्या भिंतीवर एक डबी — थर्मोस्टॅट. खोली गार झाली की डबी 'टक्' करायची, पडवीतलं मशीन थांबायचं. उकडायला लागलं की पुन्हा 'टक्', मशीन सुरू. डबीचा हुकूम मशीनपर्यंत नेणाऱ्या पाच वायरी लाकडी पट्टीतून गेल्या होत्या.

त्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. मशीन मनाला येईल तेव्हा चालायला लागलं, एकदा तर ठिणगी उडाली. दाजींचा निरोप आला तसा मी पहिल्या एस.टी.नं ओतूरला हजर. दिवस आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. दहाच्या आत काम संपवायचं, कारण त्यानंतर ऊन कोणाचं ऐकत नाही.

"आला का आमचा विंजनेर," अक्का खाटेवरून म्हणाली. "बेल दुरुस्त झाली का रं घरची?"

"तू आधी गप पड."

"गप कशी पडू? गप पडलं की तुमी डागतर बोलावता."

हे खरं होतं. अक्काची थट्टा थांबली की समजायचं, अंग तापलं.

मी पडवीतल्या बोर्डावरचे चिनी मातीचे दोन्ही फ्यूज काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. कोणी चुकून लावू नयेत म्हणून ही माझी सवय. पाचही वायरी जुन्या, सुताच्या, काळ्याठिक्कर. एक झाकावी नि दुसरी काढावी. स्क्रूजवळची अक्षरं पुसलेली. खुणेच्या चिठ्ठ्या मी घरी विसरलो होतो. डबा आणला होता, तपकीर आणली होती, चिठ्ठ्या तेवढ्या नाहीत! मग सुचलं ते केलं. अक्काच्या देवघरातून हळद, कुंकू, बुक्का घेतला, पानाच्या डब्यातून चुना. डबीकडच्या एका स्क्रूला हळद, मशीनकडच्या त्याच्या जोडीदाराला हळद. तसंच कुंकू, बुक्का, चुना. पाचवी जोडी कोरी. कागदावर काही लिहिलं नाही. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की जुन्या वायरी उपटून टाकल्या, नव्या पट्टीत ओढल्या, टोकं मोकळी सोडली आणि चहा प्यायला गेलो.

परत येऊन बघतो तर पाचही स्क्रूंना हळद, पाचांना कुंकू, बुक्का-चुना त्याखाली गडप, वर अक्षता! आत डबीवरही तेच. पडवीत अक्काची नणंद, ठकूताई, हात जोडून उभी. तळेघरहून सणाला आली होती.

"ठकूताई, हे काय केलंत!"

"काय म्हंजे? आखितीला नवं काम काढलं, पूजा मांडली, न् निम्मीच टाकून चा प्यायला गेला तुमी. म्हटलं, पावण्यांना जमंना व्हय. मी पुरी केली."

मला रडावं की हसावं कळेना. कोणता स्क्रू कोणाचा जोडीदार, आता देवालाच ठाऊक. चुकीचा जोडला तर मोटार जळणार. मशीन उघडून आतल्या वायरींचा माग काढत गेलो असतो तर उलगडलं असतं... पण त्याला चार-पाच तास. आणि पत्रे आत्ताच तडतडायला लागले होते. पुण्याहून भुशात गुंडाळलेला बर्फ दाजींच्या लॉरीतून संध्याकाळी पोचणार. तोवर ओली चादर आणि हातपंखा.

मी मशीनची पाठ उघडली. आतून दर थोड्या वेळानं दाजींची हाक, "बापू, किती येळ?"

"झालंच!" काहीही झालेलं नव्हतं.

बाराच्या सुमारास मी खोलीत डोकावलो. ठकूताई रडवेली होऊन चादर भिजवत होती. अक्काचा चेहरा तांबडालाल. मी म्हटलं, "अक्का, बेल दुरुस्त केली बरं का." ती माझ्याकडे बघत राहिली. ओळख नसल्यासारखी. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही.

मी पडवीत पळत आलो. आता अंदाजानं जोडायचं, जळलं तर जळलं... एक वायर हातात घेतली, तोच मशीन घरघरलं. एक झटका देऊन सुरू झालं. बोगद्याला कान लावला — गार हवा निघाली होती.

"ह्याला म्हणत्यात मिस्त्री!" दाजी आतून ओरडले.

मी सुटकेचा श्वास सोडला. वाटलं, कुठंतरी टोकं चिकटली असणार. हात सवयीनं तपकिरीच्या डबीसाठी खिशाकडे गेला... आणि बोटांना चिनी माती लागली.

दोन्ही फ्यूज माझ्या खिशात होते.

मी बोर्डाकडे बघितलं. फ्यूजच्या जागा रिकाम्या, मागची भिंत दिसत होती. पाचही वायरींची टोकं जमिनीवर. आणि मशीन चालू. वायरी जुळल्या की लगेच चालवता यावं म्हणून इंजिन सुरूच ठेवलेलं, ते शेडमध्ये धडधडत होतं, वीज बोर्डापर्यंत येत होती हे कबूल. पण पुढचा रस्ता तर माझ्या खिशात होता!

मी दबक्या पावलांनी खोलीत गेलो. डबीचे पाचही स्क्रू मोकळे, हळदीकुंकवानं माखलेले. तेवढ्यात डबी म्हणाली — टक्. पडवीतलं मशीन थांबलं. माझं काळीजही. किती वेळ गेला कोण जाणे. पुन्हा टक्. मशीन सुरू. डबी सांगत होती, मशीन ऐकत होतं, आणि मधे काहीएक नव्हतं.

फ्यूज लावावेत? लावल्यानं थांबलं तर? वायर जोडावी? जोडल्यानं जळलं तर? ओरडून सगळ्यांना सांगावं? सांगितल्यानंच... शास्त्र शिकलेला माणूस मी, पण शिंक आली तीही नाक दाबून जिरवली. काही हलवायचं नाही. दारात उभा राहिलो तो उभाच. प्रत्येक 'टक्'नंतर मशीन थांबायचं आणि मला वाटायचं, आता संपलं, आता नाही सुरू व्हायचं. दाजी मध्येच येऊन पाठीवर थाप मारून म्हणाले, "बस की राव आता, दमलास." मी नुसती मान हलवली.

तीनच्या पुढं अक्कानं पाणी मागितलं. मग क्षीण आवाजात म्हणाली, "बेल... खरंच दुरुस्त केली व्हय?" ठकूताईनं तिच्या पायावर डोकं ठेवून हंबरडा फोडला.

ऊन उतरलं. लॉरीचा भोंगा ओढ्यापलीकडून ऐकू आला, दाजी बर्फ उतरवायला धावले, तेवढ्यात डबीनं एकदा 'टक्' केलं आणि मशीन थांबलं. नंतर सुरू झालं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या जोरावर मी मशीन पूर्ण उघडलं, वायरी रीतसर जोडल्या, फ्यूज लावले. चालू झालं. आजही चालतं, चारचौघांच्या मशीनसारखं.

पुण्यातल्या एका इंजिनियरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही फ्यूज दुसऱ्या बोर्डाचे काढले असतील." त्या घरात दुसरा बोर्डच नाही. मग म्हणाला, "उन्हात चक्कर आली असेल." असेल बुवा. पण चक्कर मला आली आणि खोली अक्काची गार झाली, हे कसं? ठकूताईला मी काहीच सांगितलं नाही. तिला कशाचंच नवल वाटलं नसतं. आणि 'मी पूजा पुरी केली म्हणूनच चाललं' हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

घरातही कुणाजवळ बोललो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात अक्का सुपारी कातरता कातरता एकदम म्हणाली, "बापू, त्या आखितीला तू दारात उभा व्हतास ना, तुझा सदरा लई पातळ व्हता."

"मग?"

"जरा शुद्ध आली तर खिशातनं दोन्ही फूज दिसत व्हते मला. तुझे दाजी तेच काढून मशीन बंद करत्यात, ठावं हाय मला."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललास? म्हटलं, बोललं न् थांबलं तर..."

एवढंच. दोघांनी एकच भीती धरून एकच गोष्ट लपवली. का घडलं, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. कुणा वाचकाला सुचत असेल तर जरूर कळवा. फक्त उन्हाची चक्कर सांगू नका, ती वापरून झाली.

दर वर्षी मी ते मशीन साफ करतो. स्क्रू घासूनपुसून लख्ख ठेवावेत असं पुस्तकात लिहिलंय. ते दहा स्क्रू मी पुसत नाही. आणि अक्काकडे दुपारी मशीन घरघरत असलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. आत तपकिरीची डबीच असते. तरी चाचपून बघतो.